लायझिंग एन्झाइम: काम चोख, पण लॉट नंबर बघून घ्या

तंतुमय बुरशीत बाहेरचा डीएनए घालायचा तर आधी वाट अडवते ती पेशीभित्तिका. ग्लुकान-कायटिनची ती भिंत उतरवायला मी ट्रायकोडर्मा हार्झियानमपासून काढलेलं लायझिंग एन्झाइम वापरते. माझी बुरशी अ‍ॅस्परजिलस नायजर.

रात्रभर वाढलेलं कोवळं मायसेलियम (बुरशीच्या तंतूंचं जाळं) गाळून घ्यायचं आणि १.२ मोलर मॅग्नेशियम सल्फेटमध्ये एन्झाइमसोबत ३० अंशांना अगदी हळू हलवत ठेवायचं. लॉट चांगला असेल तर दोन-तीन तासांत मायक्रोस्कोपखाली बघत राहावं असं काहीतरी सुरू होतं. तंतू जागोजागी फुगतात आणि त्यातून गोल गरगरीत प्रोटोप्लास्ट, म्हणजे भिंत उतरलेल्या पेशी, सुटून तरंगायला लागतात. शंका असेल तर स्लाइडवर साध्या पाण्याचा थेंब सोडा. खरे प्रोटोप्लास्ट पटापट फुटतात, चुकून आलेले बीजाणू ढिम्म हलत नाहीत. पुढचं पीईजी (डीएनए आत शिरायला मदत करणारं रसायन), कॅल्शियम क्लोराइड, सॉर्बिटॉल घातलेल्या प्लेटा, हायग्रोमायसिन (डीएनए न घेतलेल्या पेशी मारणारं औषध) हे सगळं नेहमीचंच.

तक्रार एकच, पण मोठी. ही पूड म्हणजे ग्लुकानेज, कायटिनेज, प्रोटिएज अशा वेगवेगळ्या एन्झाइमांची खिचडी, आणि तिचं प्रमाण दर लॉटला बदलतं. मागची बाटली चार तास ठेवली तरी तंतू निम्मे शाबूत. वेळ वाढवावा तर प्रोटोप्लास्ट मिळतात, पण प्लेटवर पुन्हा उगवतच नाहीत. पुरवठादाराचं उत्तर: सर्टिफिकेटवर अ‍ॅक्टिव्हिटी बरोबर आहे. असेलही! ती मोजलीय शुद्ध ग्लुकानवर, माझ्या बुरशीवर नाही. नोव्होझाइम २३४ हे याच कामाचं जुनं एन्झाइम बाजारातून गेलं तेव्हा जुन्या मंडळींना प्रोटोकॉल नव्याने बसवावे लागले होते; इथे तर नाव तेच राहून माल बदलतो.

मग अ‍ॅग्रोबॅक्टेरियम, म्हणजे दुसऱ्याच्या पेशीत डीएनए सोडणारा बॅक्टेरिया, का नाही? १९९८ पासून तंतुमय बुरशीतही ती पद्धत चालते. एन्झाइम नको, थेट बीजाणू घ्या, अ‍ॅसिटोसिरिंगोन (बॅक्टेरियाला डीएनए सोडायला लावणारं रसायन) घाला; डीएनएची बहुधा एकच प्रत बसते. जीन लायब्ररीसाठी मी तीच वापरते. पण दोन-तीन दिवस बुरशी आणि बॅक्टेरिया एकत्र वाढवा, मग सेफोटॅक्सिम या प्रतिजैविकाने बॅक्टेरिया मारत बसा. शिवाय क्रिस्परचं डीएनए कापणारं कॅस९ प्रथिन, कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या गाइड आरएनएसकट, आत सोडायचं असेल तर प्रोटोप्लास्टइतकी सोय दुसरीकडे नाही.

म्हणून आता आधी लॉटचं सॅम्पल मागवते, आपल्याच स्ट्रेनवर तपासते आणि जमलं तर त्याच लॉटच्या बाटल्या एकदम घेते. चार तारे. पाचवा कापला, कारण सॅम्पल मिळेपर्यंत तो लॉट संपलेला असतो.