गिट फिल्टर-रेपो (गिटच्या, म्हणजे कोडचे बदल सांभाळणाऱ्या सिस्टीमच्या, हिस्टरीतून नको त्या फाइल काढायचं टूल) वापरून बघितलं, साडेचार स्टार
आमचा रेपो (कोडचा साठा) क्लोनला लावायचा, म्हणजे त्याची कॉपी उतरवायला, आणि खाली जाऊन चहा मारून यायचं, कारण कोणीतरी कधीकाळी डेटाबेसचा डंप (अख्खा डेटा एका फाइलमध्ये) कमिट, म्हणजे रेपोत नोंदवून सेव्ह, केलेला, दुसऱ्या दिवशी डिलीट पण केलेला, पण गिट कुठे काय विसरतंय, हिस्टरीत तो तसाच पडून. आधी गिट जीसी (गिटची साफसफाईची कमांड) मारलं, ढिम्म फरक नाही, जुन्या कमिटमध्ये असलेली फाइल ते काढतच नाही ना. मग हे फिल्टर-रेपो टाकलं. पायथनची एकच फाइल, बास. त्याचं ॲनालाइझ चालवलं की कोणी किती जागा खाल्लीय त्याची यादीच देतं, आपले डंपराव सगळ्यात वर बसलेले! १० एमबीच्या वरचे ब्लॉब (हिस्टरीत साठवलेल्या फाइल) उडवायची एक कमांड, खेळ खल्लास. गिटच्या जुन्या फिल्टर-ब्रँच कमांडपेक्षा लय फास्ट, गिटवाले स्वतःच हे वापरा म्हणतात. ताज्या क्लोनवरच चालतं आणि ओरिजिन रिमोट (मूळ रेपोचा पत्ता) काढून टाकतं, मी तर आधी घाबरलोच. खरा ताप पुढे, हॅश (प्रत्येक कमिटचा ओळख-कोड) बदलतात त्यामुळे सगळ्यांनी नव्याने क्लोन करायचं. आमच्यातल्या एकाने जुन्याच क्लोनमधून मर्ज करून (जुनी-नवी हिस्टरी जोडून) पुश मारलं, म्हणजे सर्व्हरवर चढवलं, डंप परत हजर. अर्धा स्टार त्याच्या नावाने कापलाय.