एफटीपीएस ठेवावं की एसएफटीपीवर जावं?

बेळगावच्या उद्यमबागेत आमचा फाईल देवाणघेवाणीचा सर्व्हर एकच आहे, पण त्याच्यावर विसंबून असलेली माणसं चाळीसच्या आसपास. पुण्याकडचे ग्राहक ड्रॉइंग टाकतात, ती आम्ही निपाणी, चिकोडी, कागल, गोकुळ शिरगावच्या जॉबवर्कवाल्यांना देतो, आणि काम झालं की त्यांचे इन्स्पेक्शन रिपोर्ट त्याच वाटेनं परत येतात. सुरुवातीची तीन वर्षं हे सगळं व्हीएसएफटीपीडीवर (एफटीपी या फाईल पाठवायच्या जुन्या पद्धतीचा सर्व्हर प्रोग्राम), टीएलएस हे एन्क्रिप्शनचं कवच लावून, म्हणजे एफटीपीएसनं चालवलं. २०२१पासून ओपनएसएसएचच्या एसएफटीपीवर आहोत, म्हणजे सर्व्हर दुरून चालवायच्या एसएसएच या सुरक्षित वाटेनंच फाईल पाठवतो. परवा मच्छेतल्या एका ओळखीच्यानं विचारलं, नवा सर्व्हर मांडतोय, काय घेऊ? फोनवर निम्मं सांगून झालं, राहिलेलं इथं लिहितो.

एन्क्रिप्शन, किंमत, वेग यांत मी शिरत नाही. आमच्या कामापुरता फरक मला कधी जाणवला नाही. काही अडायच्या आधी इंटरनेटची लाईनच भरते.

माझ्यासाठी निकाल लावला तो एका वाक्यानं. "साहेब, लॉगिन होतंय, पण फाईल दिसेनात." निपाणीच्या एका जॉबवर्कवाल्या काकांचा फोन यायचा, चिकोडीहून तोच निरोप कन्नडमध्ये यायचा, "फाईल बरलिल्ल री." युजरनेम बरोबर, पासवर्ड बरोबर, सर्व्हरच्या लॉगमध्ये लॉगिन झाल्याची नोंदही असायची. त्यांच्या स्क्रीनवर मात्र फोल्डरची यादी मागवली की सगळं थांबायचं, आणि काही सेकंदांनी टाइमआऊट. काकांना वाटायचं, आपण ड्रॉइंग टाकलंच नाही. आमच्या स्टोअरवाल्याला वाटायचं, काका टाळाटाळ करतायत. दोघांचाही गैरसमजच असायचा आणि मधल्या मध्ये कास्टिंगचा एक दिवस जायचा.

याचं मूळ एफटीपीच्या घडणीत आहे. अभय भूषण या आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतल्या माणसानं एमआयटीत असताना, १९७१मध्ये त्याचा पहिला मसुदा लिहिला. तेव्हा नॅट (एका बाहेरच्या पत्त्यामागं आतले बरेच कॉम्प्युटर चालवायची सोय) नव्हतं, फायरवॉल नव्हती. हुकूम एका जोडणीवरून आणि माल दुसऱ्या जोडणीवरून, ही रचनाही त्याच जुन्या काळातली. पॅसिव्ह मोडमध्ये, म्हणजे दुसरी जोडणीही बाहेरून जोडणाऱ्यानंच करायची असते तेव्हा, सर्व्हर २२७ क्रमांकाचं उत्तर देतो आणि त्यात सहा आकडे असतात, समजा १९२, १६८, १, १०, १९५, ८०. पहिले चार म्हणजे पत्ता. शेवटच्या दोनांतून पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक, निघतो: १९५ गुणिले २५६ अधिक ८०, म्हणजे ५००००. आता हा पत्ता आमच्या कारखान्याच्या आतला. निपाणीहून काकांचा कॉम्प्युटर दार ठोठावणार कुठं?

साध्या एफटीपीत बरेच राउटर हे उत्तर वाचतात, आतला पत्ता काढून बाहेरचा घालतात आणि तेवढा पोर्ट उघडून देतात. टीएलएस लावलं की राउटर आंधळा होतो, त्याला आतलं काहीच वाचता येत नाही. मग हे सगळं हातानं करायचं. बाहेरचा आयपी कॉन्फिगमध्ये लिहायचा, ५०००० ते ५०१०० असा पट्टा ठरवायचा, तो राउटरवर फॉरवर्ड करायचा. केलं. एका पावसाळ्यात रात्री वीज गेली, राउटर परत चालू झाला तो नवा आयपी घेऊन, आणि सकाळी नऊपासून फोन सुरू. स्टॅटिक आयपी घेतला. तरी दोघांचं चालेना, कारण त्यांच्याकडच्या फायरवॉलनं बाहेर जाणारे वरचे पोर्ट बंद ठेवलेले. आणखी एकाला ५२२ची चूक यायची: डेटाच्या जोडणीवर टीएलएसचं आधीचंच सेशन वापरा, असा व्हीएसएफटीपीडीचा मुळातला आग्रह असतो आणि त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरला ते जमत नव्हतं. ती अटही काढली, मनाला पटत नसताना.

सगळ्यात त्रास याचा, की माझ्या टेबलावरून ही अडचण कधी दिसायचीच नाही. माझ्याकडचा फाईलझिला हा एफटीपी प्रोग्राम चुकीचा पत्ता ओळखतो आणि आपणहून सर्व्हरचा खरा पत्ता वापरतो. मी मोबाईलच्या नेटवरून तपासायचो, सगळं ठीक. काकांना म्हणायचो, तुमच्याकडंच काहीतरी आहे बघा. शेवटी एकदा गाडी काढून निपाणीला गेलो, त्यांच्या खुर्चीत बसून तो आतला पत्ता डोळ्यांनी पाहिला, तेव्हा कुठं उमगलं की वर्षभर मी त्यांच्यावर अन्याय करत होतो. त्यांच्याच कॉम्प्युटरवर त्याच दुपारी एसएफटीपीनं जोडून पाहिलं. पोर्ट २२, एकच जोडणी, यादी लगेच आली. काका फक्त "हां, आलं" म्हणाले आणि मशीनवर गेले. माझं ठरलं ते तिथंच.

एसएफटीपीचा स्वतःचा जाच नाही असं नाही. प्रत्येकाला आपापल्या फोल्डरात कोंडायचं तर वरचा फोल्डर रूटच्या मालकीचा हवा आणि दुसऱ्या कुणाला त्यात लिहिता येता कामा नये. नाहीतर जोडणी झाल्या झाल्या तुटते आणि क्लायंटला, म्हणजे पलीकडच्या सॉफ्टवेअरला, कारण कळत नाही, ते फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसतं. उपाय सोपा आहे: आत 'आवक' आणि 'जावक' असे दोन फोल्डर करून ते युजरच्या नावे करायचे. हे एकदा अंगवळणी पडलं की पुन्हा अडत नाही. पण नवा पोरगा कामाला आला की पहिल्या आठवड्यात वरच्या फोल्डरची परवानगी बदलतोच.

की, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल चाव्या, हे प्रकरण जास्त नाजूक. पासवर्ड बंद करून की वापरा म्हणून सगळ्यांना कळवलं, तर एकानं आम्हाला द्यायच्या पब्लिक कीच्या जागी स्वतःकडं गुप्त ठेवायची प्रायव्हेट कीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. ती रद्द करून नवी करायला लावली. तेव्हापासून मराठी-कन्नड अशी एका पानाची चिठ्ठी बनवली आहे, 'पब लिहिलेली फाईलच पाठवा' हे मोठ्या अक्षरात. एफटीपीएसची चिठ्ठी तीन पानांची होती आणि ती कुणी वाचत नसे. उबंटू २२.०४वर गेलो तेव्हाही दोन-तीन जण अडकले, कारण ओपनएसएसएच ८.८पासून ओळख पटवायच्या जुन्या पद्धतीच्या आरएसए सह्या मुळातच बंद आहेत. त्यांना विनएससीपी हे एसएफटीपीचं सॉफ्टवेअर नवं घालून दिलं.

आणि एक मान्य केलं पाहिजे. एसएसएच हे सर्व्हरचं मुख्य दार आहे. २०२४च्या जुलैत ओपनएसएसएचमधलं गंभीर भोक जाहीर झालं, तेव्हा हातातली कामं टाकून आधी तेवढंच अपडेट केलं. बाहेरच्यांना फक्त एसएफटीपी मिळेल, शेल (सर्व्हरवर हुकूम चालवायची सोय) आणि फॉरवर्डिंग (सर्व्हरमधून पुढं दुसरीकडं जोडणी) मिळणार नाही, हे बांधून ठेवायलाच हवं. ज्याला हे नीट करायला वेळ नाही त्यानं घाई करू नये.

लॉगच्या बाबतीत व्हीएसएफटीपीडीची मला अजून आठवण येते. त्याच्या ट्रान्स्फर लॉगमध्ये प्रत्येक फाईलची एक ओळ आणि शेवटी एकच अक्षर: सी असेल तर पूर्ण आली, आय असेल तर अर्धवट. नजर टाकली की कळतं. एसएफटीपीत लॉगची पातळी वाढवावी लागते, कोंडलेल्या फोल्डरातून नोंदी बाहेर येण्यासाठी थोडी खटपट करावी लागते, आणि मग 'क्लोज' आणि 'फोर्स्ड क्लोज' यांतला फरक ओळखायला शिकावं लागतं. लाईन मध्येच तुटली की 'फोर्स्ड' येतं. आमची स्क्रिप्ट फाईल बंद झाली की ती उचलायची, म्हणजे तुटलेली फाईलसुद्धा. एकदा अर्धं ड्रॉइंग पुढं गेलं. आता सगळ्यांना आधी तात्पुरत्या नावानं चढवून शेवटी नाव बदलायला सांगतो आणि स्क्रिप्ट फक्त नाव बदललेल्या फाईलला हात लावते. ही सवय एफटीपीएसलाही तितकीच लागू आहे.

दोन्हीकडं लागू असलेली आणखी एक गोष्ट: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. जुने लॉग काढून टाकणारा लॉगरोटेट हा प्रोग्राम मुळात चार आठवड्यांचेच ठेवतो. तेवढं आठवणीनं बदला.

एफटीपीएस कुणी ठेवावं? ज्यांच्या मोठ्या ग्राहकानं करारातच तसं लिहिलंय त्यांनी, आणि ज्यांचे सगळे पुरवठादार एकाच चांगल्या क्लायंटवर आहेत त्यांनी. तिथं ते चांगलं चालतं, मला त्याच्याबद्दल आकस नाही. शॉपवरच्या जुन्या सीएनसी कंट्रोलरना तर साधं एफटीपीच कळतं. त्यांच्यासाठी आम्ही वेगळा छोटा सर्व्हर आतल्या नेटवर्कमध्ये ठेवला आहे, बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध नाही. पण तुमची माणसं माझ्यासारखी दहा गावांत पसरलेली असतील, प्रत्येकाचा राउटर आणि सॉफ्टवेअर वेगळं असेल, तर माझा कल तुम्हाला कळला असेलच.

बदलताना एकदम बदलू नका. आम्ही दोन महिने दोन्ही चालू ठेवलं आणि रोज एका पुरवठादाराला हलवलं. दोघे जण अजून एफटीपीएसवरच आहेत. त्यांच्या फायरवॉलवर बाहेर जाणारा पोर्ट २२ बंद आहे आणि तो उघडायची परवानगी त्यांच्या मुख्य ऑफिसातून यायची आहे. त्या दोघांसाठी तो शंभरेक पोर्टांचा पट्टा अजून उघडा ठेवावा लागतो. महिन्यातून एकदा त्यांना विचारतो, परवानगी आली का.