हायड्रोपोनिक किट: लेट्यूस झकास, टोमॅटोचा नाद सोडा

वर एलईडी, मध्ये बारा होल, खाली टाकी आणि त्यात एवढासा पंप, हे जे मातीशिवाय, खत मिसळलेल्या पाण्यात रोपं वाढवायचं (म्हणजेच हायड्रोपोनिक) टेबलावरचं किट ऑनलाइन सगळीकडे दिसतं ना, त्यातलंच एक वापरतोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, तसंही यातली बरीचशी किट्स आतून सारखीच असतात.

लेट्यूस आणि बेसिल मात्र सुसाट येतात, मानलं पाहिजे. स्पंजमध्ये बी टाकलं, मुळं नेट कपातून (रोप धरणारा जाळीचा कप) खाली पाण्यात उतरली की बाहेरची पानं खुडत राहायची, आतून नवी येतच राहतात. टायमर रोज 16 तास लाइट देतो, पाल्याला तेवढा भरपूर झाला. माती नाही, तण नाही, घरात पसारा नाही.

खरी बोंब आहे ती टाकीची. फक्त चार लिटर! रोपं लहान असतात तोवर काही जाणवत नाही, पण एकदा लेट्यूस भरलं की ते पाणी भराभर पितं, खत तेवढ्या वेगाने उचलत नाही, मग उरलेल्या पाण्यात खत दाट होत जातं, पीएच (पाणी किती आंबट किंवा खारट-अल्कली ते सांगणारा आकडा) पण सरकतो, आणि टाकी छोटी म्हणून हे सगळं बघता बघता होतं. मोठ्या टाकीत हाच बदल सावकाश होतो, आपल्याला सावरायला वेळ मिळतो.

पुस्तिकेत लिहिलंय पीएच 5.5 ते 6.5 ठेवा, आणि बॉक्समध्ये पीएच मोजायला काहीच नाही, साधे टेस्टचे थेंबसुद्धा नाहीत, म्हणजे ठेवायचा कसा ते तुमचं तुम्ही बघा! पीएच चढला की लोह पाण्यात असूनही रोपाला मिळत नाही, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसायला लागतात, लोकांना वाटतं खत कमी पडलं, ते अजून ओततात. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेलं खत-क्षार किती ते दाखवणारा) दिलाय पण तो कुठल्या स्केलवर आहे ते कुठेच छापलेलं नाही. ईसी (पाण्याची वीजवाहकता, खत जास्त तेवढी ती जास्त) 1 असलेलं तेच पाणी एका मीटरवर 500 दाखवतं, दुसऱ्यावर 700. आता पुस्तिकेतला आकडा कुठला धरायचा?

खताच्या ए आणि बी बाटल्या ठीक आहेत. फक्त दोन्ही एकाच मापात एकत्र ओतू नका, कॅल्शियम आणि सल्फेट-फॉस्फेट घट्ट असताना भेटले की पांढरा गाळ बसतो आणि तो रोपाच्या काही कामाचा नाही. एक पाण्यात ढवळा, मग दुसरं.

पाण्याची पातळी बघायला पारदर्शक खिडकी दिलीये, दिसायला भारी, पण तिथून उजेड आत जातो आणि शेवाळ धरतं. काळी टेप लावून टाका.

आणि बॉक्सवरचे ते लालबुंद टोमॅटो? विसरा. टोमॅटोला ईसी 2 च्या वर लागतो, उजेड कितीतरी जास्त, उंची जास्त, वर घरात वारा-मधमाशी नाही म्हणून फुलं हाताने हलवायची. या दिव्याखाली नुसती लांबुडकी वेल होते.

पाल्यासाठी चार स्टार, फळभाजीसाठी एक. फक्त लेट्यूसच लावायचं असेल तर झाकणाची काळी बादली घेऊन क्रॅट्की पद्धत आधी करून बघा, त्यात पंपच लागत नाही, पाणी उतरत जातं तशी वरची मुळं हवेत मोकळी होतात. किटच घेणार असाल तर टाकी किती लिटरची ते आधी विचारा, आणि बेडरूममध्ये ठेवू नका, पंप रात्रभर गुणगुणतो.