जुन्या सॉफ्टवेअरचे टेक्स्ट रिपोर्ट पायथनने एक्सेलमध्ये आणते, काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मी मस्जिद बंदरला मसाल्याच्या एका होलसेल पेढीत अकाउंट्स बघते. प्रोग्रामर नाही, कॉमर्सवाली आहे. पण गेले बरेच महिने पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरतेय, तेही एकाच कामासाठी, आमच्या जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून निघणारा खरेदीचा टेक्स्ट रिपोर्ट साफ करून एक्सेलमध्ये आणायचा. कोणी विचारलं की हे शिकावं का, तर माझं उत्तर हो, नक्की शिका, पण एक अट पाळायची तयारी असेल तरच. अट पुढे येईलच.

आधी रिपोर्ट कसा असतो ते सांगते. हे सॉफ्टवेअर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या जमान्यातलं, १३२ कॉलमच्या कागदासाठी रिपोर्ट काढतं. दर पानावर पेढीचं नाव, तारीख, डॅशची रेघ, तळाला 'पुढील पानावर' म्हणून बेरीज आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर तीच बेरीज परत. पार्टीचं नाव लांब असलं की अर्धं खालच्या ओळीत. माल परत गेला असेल तर वजाचं चिन्ह रकमेच्या मागे. एक्सेलच्या टेक्स्ट टू कॉलम्सने कॉलम पडतात हो, पण मधल्या बेरजा, हेडर, तुटलेली नावं हे सगळं हाताने काढत बसायचं, आणि एक जरी 'पुढील पानावर' राहिली की एकूण रक्कम फुगलीच. त्यात जीएसटीचं २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, येतं १४ तारखेला आणि ३बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायचं २० पर्यंत, म्हणजे खरेदी जुळवायला मधले मोजके दिवस, त्यात रविवार आला की संपलंच.

सुरुवात पांडाजच्या, म्हणजे पायथनमधल्या टेबलांच्या पॅकेजच्या, रीड-एफडब्ल्यूएफ या फंक्शनपासून केली. ठरावीक रुंदीच्या कॉलमची फाइल वाचायला ते बनवलेलंच आहे, आणि साध्या रिपोर्टला मस्त चालतं. फक्त कॉलम कुठे सुरू कुठे संपतो हे तुम्ही सांगितलं नाही तर ते पहिल्या १०० ओळी बघून अंदाज बांधतं, आणि आमच्या पहिल्या १०० ओळींत हेडर आणि रेघाच इतक्या की अंदाज कसा बरोबर येणार. जागा स्वतः मोजून दिल्या तर बरंच सुधारतं. पण तुटलेल्या नावांसाठी शेवटी मी एकेक ओळ वाचून रेजेक्सने, म्हणजे मजकुराचा साचा ओळखायच्या नियमांनी, तपासायला लागले आणि आता तेच वापरते. ओळ तारखेने सुरू होते? मग ती एन्ट्री. पुढे नुसती मोकळी जागा आणि मग अक्षरं? मग ते वरच्या पार्टीचं उरलेलं नाव, वर जोडा. डॅश, हेडर, पानाची बेरीज? सोडून द्या. रिपोर्टकडे असं ओळीओळीने बघायला लागलं की रेजेक्सची भीती जाते, खरंच जाते.

आता अट. यातल्या कुठल्याच प्रकारात न बसणारी ओळ कोडने गुपचूप टाकून द्यायची नाही. माझी स्क्रिप्ट अशा ओळी 'न ओळखलेल्या' नावाच्या वेगळ्या शीटमध्ये जशाच्या तशा, ओळ नंबरासकट ठेवते. आणि शेवटी सगळ्या एन्ट्रींची बेरीज रिपोर्टच्या स्वतःच्या एकूण रकमेशी पैशापर्यंत जुळली तरच खरेदीची अंतिम फाइल सेव्ह होते. बेरजेला पायथनचा साधा दशांश आकडा, म्हणजे फ्लोट, वापरू नका, डेसिमल हा अचूक प्रकार वापरा, फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोब्बर ०.३ येत नाही.

याचा उपयोग कसा झाला बघा. एका महिन्यात बेरीज जुळेना, फरक बारा लाखांच्या वर. त्या शीटमध्ये एकच ओळ पडलेली, वेलचीच्या मोठ्या लॉटचं बिल. दहा लाखांच्या वरची रक्कम त्या कॉलममध्ये मावत नाही, ती डावीकडे सरकून जीएसटी नंबरला चिकटली होती, मध्ये स्पेसच नाही. जीएसटी नंबर १५ अक्षरांचाच असतो, पहिले दोन राज्याचे आकडे, आमच्या महाराष्ट्राचे २७, मग दहा अक्षरांचा पॅन, मग आणखी तीन, त्यामुळे १५ मोजून कापलं की पुढची रक्कम सुटी होते. तो नियम घातला आणि विषय मिटला. पण नुसतं 'जे जुळेल ते घे' असं कोड असतं तर महिन्यातलं सगळ्यात मोठं बिल यादीत आलंच नसतं आणि त्याचं जीएसटी क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, शोधत बसलो असतो.

दुसरं एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराचा नंबर. मिरी ०९०४, वेलची ०९०८, जिरं ०९०९, हळद ०९१०, आमचा जवळजवळ सगळा माल शून्याने सुरू होतो. सीएसव्हीवर, म्हणजे स्वल्पविरामाने कॉलम तोडलेल्या साध्या टेक्स्ट फाइलवर, डबल क्लिक केलं की एक्सेल त्याला आकडा समजून पुढचं शून्य खातं. म्हणून कोडमध्ये ते टेक्स्ट म्हणूनच वाचायचं आणि सीएंना सीएसव्ही न देता पायथनच्या ओपनपायएक्सएल पॅकेजने बनवलेली एक्सेल फाइलच द्यायची. एक्सेलच्या या आपोआप बदलण्याच्या सवयीपायी शास्त्रज्ञांना २०२० मध्ये काही मानवी जनुकांची नावं बदलायला लागली, ती तारखा होऊन बसत होती. तारखेचंही तसंच, ०५-०४ म्हणजे ५ एप्रिल हे पांडाजला फॉरमॅट लिहून सांगा, नाहीतर ते महिना आधी धरतं.

एक गोष्ट मात्र फार आवडली. गोडाऊनमधून मापाडी गोण्यांचा हिशोब मराठीत टाइप करून पाठवतात, '१२५ गोणी' असा, आणि पायथन हे देवनागरी आकडे थेट आकडे म्हणून वाचतं, बदलून घ्यायला लागत नाहीत! स्वल्पविराम तेवढे काढायचे. जुन्या नॉन-युनिकोड मराठी फॉन्टमधला मजकूर असेल तर मात्र आधी कन्व्हर्ट करावाच लागतो.

त्रास काय, तर रिपोर्टचा साचा बदलला की कोडला हात लावावाच लागतो, अपडेटनंतर एक कॉलम दोन घरं सरकला आणि सगळी फाइल 'न ओळखलेल्या'त. स्कॅन केलेल्या पीडीएफला हे चालत नाही, तिथे चित्रातली अक्षरं वाचणारं ओसीआर लागतं आणि त्याचे आकडे डोळ्याने तपासायला लागतात. तुमचा रिपोर्ट सरळ असेल, नावं तुटत नसतील, तर एक्सेलमधली पॉवर क्वेरीच पुरेल, उगाच कोड कशाला. रेजेक्स लिहायला मी एआयची मदत घेते, पण पार्ट्यांची खरी नावं, नंबर टाकत नाही, खोट्या नावांच्या चार ओळींचा नमुना देते, तेवढ्यावर काम होतं.

शेठना पहिले दोन महिने भरवसा नव्हता, म्हणून हाताने केलेली शीट आणि स्क्रिप्टची शीट शेजारी शेजारी ठेवायचो. आता तेच विचारतात, बेरीज जुळली का. सध्या दलालीचा रिपोर्ट बसवतेय, त्यात एका बिलाखाली दोन दोन दलाल येतात आणि टक्के कधी नावाआधी, कधी नावानंतर. कोणी असा रिपोर्ट सोडवला असेल तर दोन ओळी कोणत्या नियमाने जोडता ते सांगा.