अमेरिकेत आजारपणामुळे नोकरी गेली: सेव्हरन्स घ्यावा की दावा लावावा?

ऑपरेशन होऊन महिना होत नाही तोच कामावरून काढतात आणि त्याच बैठकीत सेव्हरन्सचा, म्हणजे ठरावीक रक्कम घेऊन कंपनीवरचे दावे सोडून देण्याचा, करार पुढे सरकवतात. डोक्यात घरभाडं असतं, हात पेनाकडे जातो. तिथे सही करू नका, कागद घरी आणा. वय 40 किंवा त्याहून जास्त असेल आणि करारात वयाच्या भेदभावाचे दावेही सोडायला लावले असतील, तर विचाराला किमान 21 दिवस द्यावेच लागतात आणि सहीनंतर 7 दिवस माघार घेता येते.

सेव्हरन्सचं बरं हे की पैसे लवकर हातात येतात आणि साक्षीपुराव्यांचा ताप नसतो. बदल्यात खटल्याचा हक्क जातो. ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, तक्रार करायला मात्र कुठलाही करार अडवू शकत नाही.

दाव्याचं गणित वेगळं. 'अन्याय झाला' एवढ्यावर काही उभं राहत नाही, कारण मोंटाना सोडलं तर बाकी राज्यांत मालक सहसा कारण न देताही काढू शकतो. कारण बेकायदा होतं हे दाखवावं लागतं. अपंगत्वावरून (त्यात गंभीर आजारही येऊ शकतो) भेदभाव करायला मनाई करणारा 1990 चा एडीए कायदा 15 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू आहे. त्याखाली आधी ईईओसीकडे तक्रार करायची: मुदत 180 दिवस, राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तर 300. आणि हे दिवस शेवटच्या पगारापासून नाही, काढल्याचं कळवलं तेव्हापासून मोजतात! पुढे ईईओसीकडून 'राइट टू सू'चं, म्हणजे खटला भरायला मोकळीक देणारं, पत्र आलं की कोर्टात जायला फक्त 90 दिवस.

भरपाई आणि दंड मिळून मर्यादा छोट्या कंपनीसाठी 50,000 डॉलर, 500 हून जास्त कर्मचारी असतील तर 3,00,000. बुडालेला पगार याबाहेर. कॅलिफोर्नियात राज्याचा कायदा 5 कर्मचाऱ्यांपासून लागू होतो, अशी मर्यादा नाही आणि तक्रारीला 3 वर्षं मिळतात. म्हणून आधी आपल्या राज्याचा कायदा बघा.

माझ्या मते निर्णय ठरतो तो ईमेलवर. 'फिजिओथेरपीसाठी सोमवारी दोन तास उशिरा आलो तर चालेल का?' एवढी साधी ओळसुद्धा कायद्याच्या लेखी सवलतीची मागणी ठरू शकते, कायद्याचं नाव घ्यावं लागत नाही. त्यावर 'आम्हाला पूर्ण क्षमतेची माणसं हवीत' असं उत्तर आलं असेल आणि दहा दिवसांत नोकरी गेली असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करूच नका. अशा प्रकरणांत बरेच वकील जिंकल्यावरच फी घेतात. उलट आजाराबद्दल कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं, तर दावा लंगडा. तिथे रक्कम वाढवून मागा आणि मोकळे व्हा.

सरकारी अपंगत्व भत्त्याच्या अर्जात 'काम करू शकत नाही' लिहिलं असेल, तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. सुप्रीम कोर्टाच्या 1999 च्या निकालानुसार त्याने दावा आपोआप बुडत नाही, पण विसंगतीचा खुलासा करावा लागतो.

एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. त्या धावपळीतही ईईओसीची तक्रार आधी टाका. तक्रार म्हणजे खटला नव्हे, तिला फी नाही, आणि ती टाकल्यावरही तडजोडीचं बोलणं चालू ठेवता येतं.