गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्याला उन्हाळ्यात केसांना मशीन मारायची की विंचरूनच ठेवायचा?

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की आपल्या जळगाव-भुसावळकडे लांब केसांचा कुत्रा असलेल्या माणसाला कोणी ना कोणी सांगतंच, भाऊ याला मशीन मारून आणा, उकडतंय बिचाऱ्याला. पारा ४५ ला टेकलेला अन् कुत्रा फरशीवर पोट टेकवून धापा टाकतोय म्हटल्यावर पटतंही. मला पटलं होतं, आमच्या पहिल्या गोल्डनला एका मे महिन्यात अंगभर मशीन मारून आणली. पाठ लाल झाली त्याची उन्हानं. नंतर आतली लोकर भराभर वाढली पण वरचे लांब केस दिवाळी झाली तरी धड आले नव्हते, अन् त्या लोकरीत सराटे आधीपेक्षा जास्त अडकायला लागले.

गोल्डन मूळचा स्कॉटलंडचा, थंड पाण्यात पडलेली बदकं उचलून आणणारा, म्हणून अंगावर दोन थर. आतला मऊ लोकरीचा, वरचा पाणी झटकणारा. हाच वरचा थर ऊन कातडीपर्यंत पोचू देत नाही. कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या गादीला, बाकी गारवा तो जीभ काढून धापा टाकूनच मिळवतो, त्यामुळे केस उडवले की आपल्यासारखं हलकं वाटेल हा हिशोब तिथं लागत नाही. खरा त्रास देते ती गळून आतच अडकलेली लोकर, ती काढली की हवा कातडीपर्यंत जाते.

विंचरायला मात्र वेळ लागतो, हे लपवत नाही. आठवड्यात तीनदा वीस-पंचवीस मिनिटं. आधी स्लिकर ब्रश, म्हणजे बारीक वाकड्या तारांचा, केस एका हातानं वर धरून खालून थोडे थोडे सोडत, मग स्टीलचा कंगवा, कारण ब्रश नुसता वरून फिरला की वर मऊ अन् आत गाठ राहते. कानामागं, काखेत, मांड्यांच्या मागं अन् शेपटीखाली रोज हात फिरवायचा. आंघोळ गुंता काढल्यावरच, भिजली की गाठ आवळते. शॅम्पू कुत्र्याचाच, आपला नको.

मशीन कुठं बरी? गाठी कातडीला चिकटल्यात, जखम किंवा बुरशी आहे अन् डॉक्टरच औषधासाठी केस काढा म्हणतायत, तिथं कुत्र्याला ओढून ओढून विंचरणं म्हणजे छळच, सरळ काढा. मशीन मारली की गोचीडही पटकन दिसतो, पण त्यासाठी अख्खा कुत्रा भादरायची गरज नाही, औषध वेळेवर द्या अन् विंचरताना बोटं आतपर्यंत घाला. कॉकर स्पॅनिअलचं जरा वेगळं आहे, नसबंदीनंतर बऱ्याच कॉकरचे केस कापसासारखे फुलतात, मग घरात रोज वेळ देणारं कोणी नसेल तर त्याला ठरावीक दिवसांनी मशीन मारलेली मला चालते.

गोल्डन अन् सेटर या लांब केसांच्या जातींना मात्र मी आता अंगाला मशीन लावू देत नाही. पंजांमधले, पोटाखालचे अन् शेपटीखालचे केस तेवढे कात्रीनं कमी करतो. दुकानात देताना "थोडं कमी करा" म्हणू नका, कुठले केस ते हात लावून दाखवा. अन् शेतातून फिरून आला की कान अन् बोटांच्या फटी आधी बघा, कुसळ आत शिरलं की पुढंच सरकतं, डोकं एका बाजूला कलतं करून झटकत असेल तर घरी चिमटा न घालता डॉक्टरकडे न्या.