बावीस श्रुतींची पेटी: गंधार जमतो, भूपाचा रिषभ अडतो

सांगलीचे संगीत-अभ्यासक कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश अधिकारी क्लेमेंट्ससाहेब यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी श्रुतिपेटीची, म्हणजे सप्तकातल्या बावीस श्रुती (सूक्ष्म सूर) देणाऱ्या हार्मोनियमची, खटपट केली होती. डॉ. विद्याधर ओक यांच्या रचनेत ती हाताळण्याजोगी झाली आहे. सा आणि प अचल, उरलेल्या दहा स्वरांना दोन-दोन श्रुती. पट्टीखालच्या नॉबने हवी ती लावायची. जोडीतल्या कंपनसंख्यांचं गुणोत्तर ८१/८०, म्हणजे साधारण २२ सेंट (साध्या पेटीच्या लगतच्या दोन सुरांत १०० सेंट असतात).

फरक ऐकायचा तर शुद्ध गंधारावर. काळी एकचा (पहिल्या काळ्या पट्टीचा) सा धरला, तर साध्या पेटीचा गंधार ३४९.२ हर्ट्झवर बोलतो. तानपुऱ्याच्या खर्जातून (सर्वांत खालच्या सा च्या तारेतून) आपोआप उमटणाऱ्या गंधाराशी जुळणारा ५/४ चा, म्हणजे सा च्या सव्वापट कंपनांचा, गंधार मात्र ३४६.५ वर येतो. तानपुऱ्यासोबत साध्या पेटीची पट्टी दाबून धरा, आवाजातले हेलकावे मोजता येतात. श्रुतिपेटीवर गंधाराची खालची श्रुती लावली की ते विरतात. पेटी विकत घेताना हीच परीक्षा करा, तीही भाता हलका ठेवून. जोर वाढला की सूर किंचित उतरतो. ट्यूनर अ‍ॅपचा काटा मधोमध शोधू नका. हा गंधार १४ सेंट खालीच दिसला पाहिजे.

अडचण भूप रागात येते. गंधार ५/४, धैवत ५/३ लावलात, आता रिषभ कोणता? ९/८ घेतला तर रे-प सुरेल, पण रे-ध चा षड्जपंचम (सा-प सारखा मेळ) २२ सेंटनी तुटतो. १०/९ घेतला तर रे-ध जुळतो आणि रे-प बिघडतो. गाणारा जागेप्रमाणे रिषभ हलवतो. वादकाने तानेच्या मध्ये नॉब कधी फिरवायचा? देशकार रागाला ही कटकट नाही, चढा २७/१६ चा धैवत ९/८ शी छान बसतो. दरबारीचा आंदोलित गंधार तर दोन श्रुतींत मावणाराच नाही, तिथे मींडच (एका सुरातून दुसऱ्यात अखंड सरकणं) हवी.

रियाजाला आणि श्रुती कानात बसवायला पेटी उत्तम, ख्यालाच्या साथीला बेताचीच.

स्केल चेंजरची, म्हणजे सा बदलून देणाऱ्या पेटीची, आशा ठेवू नका. त्यात पट्ट्या सरकतात, सूर जागचे हलत नाहीत, आणि सा हलला की सगळं गणित मोडतं. तेव्हा गायकाची पट्टी आधी नक्की करा. काळी एक आणि काळी पाच, दोन्हींना साथ करायची तर पेट्याही दोन लागतील.